गल्लीभर झालेला वाय-फायचा पासवर्ड बदलायचा कसा?

ताई, नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहते. शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. मुलगा पुण्याला असतो. माडीवर विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली भाड्याने आहेत. फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा जोडायला आलेल्या मुलाने वाय-फायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकून दिला. ‘बाई, लक्षात राहील तुमच्या,’ म्हणाला. गणपतीत मंडळाच्या पोरांनी मंडपातल्या टीव्हीसाठी मागितला, मी दिला. आता संध्याकाळी आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर बसून पोरं त्यावर मॅच बघतात. पोरं वाईट नाहीत, पण मला हे बरं वाटत नाही. म्हणून मुलाला फोनवर विचारून विचारून पासवर्ड बदलला, तर दारातला कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, मुलींचे लॅपटॉप सगळं एकदम बंद. कॅमेरा तर काही केल्या परत जोडला जाईना. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जुनाच नंबर पुन्हा टाकला. पुतण्या म्हणतो, वाय-फायचं नावच लपवून टाक आणि राउटरवरचं बटण दाबून वस्तू जोडत जा. सुरक्षित ठेवायचं तर एवढा ताप आणि सोपं ठेवायचं तर दार सताड उघडं, यातला मधला मार्ग नाही का? सोबत राउटरच्या तळाच्या स्टिकरचा फोटो पाठवते आहे.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

बाई, नमस्कार.

आधी त्या फोटोबद्दल. स्टिकरवर राउटरचं मॉडेल आहे, तसंच कारखान्यातून आलेलं वाय-फायचं नाव, त्याचा पासवर्ड आणि राउटरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्डही आहे. म्हणून मॉडेल लिहून घेतलं आणि फोटो लगेच पुसून टाकला. तुम्हीही पाठवलेल्या ठिकाणाहून काढून टाका. कनेक्शनची तक्रार करताना बरेच लोक हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बिनधास्त टाकतात. मॉडेलचं नाव लिहून पाठवलं की काम भागतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही पासवर्ड बदलला आणि परत जुन्यावर आलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. फोनला नवा पासवर्ड द्यायला अर्धं मिनिट लागतं. टीव्हीला तोच रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत द्यावा लागतो. प्रिंटरला बोटभर पडदा असतो किंवा तोही नसतो. कॅमेऱ्याला तर काहीच नसतं, त्याच्याशी अ‍ॅपमधूनच बोलावं लागतं. ही चार तऱ्हेची चार यंत्रं एकाच क्षणी तुमच्या अंगावर पडली, तेही मुलगा पुण्याहून फोनवर असताना. अशा वेळी कुणीही जुन्यावरच जाईल. मला राग येतो तो जोडणी करून देणाऱ्यांच्या पद्धतीचा. घरात इंटरनेट आणून देताना दहा मिनिटं जास्त बसून नीट पासवर्ड टाकणं, तो वहीत लिहून देणं, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून देणं हे त्यांचं काम आहे. ते न करता मोबाईल नंबर टाकून निघून जायचं आणि मग साठी ओलांडलेल्या बाईंनी एकटीने सगळं निस्तरायचं, हे बरोबर नाही.

मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून का नको? तुमचा नंबर निम्म्या पेठेकडे आहे, हे तर झालंच. पण अनोळखी माणसालाही तो अवघड जात नाही. आपल्याकडचे मोबाईल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. ऐकायला केवढ्या वाटतात! पण सध्याच्या सर्वसाधारण वाय-फायमध्ये, ज्याला डब्ल्यूपीए२ म्हणतात, एखादा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण कुणीही बाहेर बसून हवेतून टिपू शकतो आणि मग आपल्या घरी जाऊन निवांत पासवर्डचे अंदाज लावत बसू शकतो. गेम खेळायच्या चांगल्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. ४०० कोटी भागिले दहा लाख, म्हणजे ४,००० सेकंद. तासाभराच्या थोडं वर. कुलदेवतेचं नाव आणि पुढे १२३, मुलाचं नाव आणि जन्मसाल, गावाचं नाव आणि पिनकोड, हे तर त्याहून आधी सापडतात.

धोका नेमका कसला, तेही सांगते, कारण यात उगाच घाबरवणारे पुष्कळ आहेत. कट्ट्यावरचं पोरगं तुमच्या वाय-फायवर आहे म्हणून तुमचे बँकेतले पैसे त्याला दिसतात असं नाही. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप स्वतःची वेगळी कुलूपबंद वाट वापरतात. खरी काळजी तीन गोष्टींची. एक म्हणजे जो तुमच्या नेटवर्कमध्ये आला त्याला तुमचा प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा आणि खुद्द राउटरचं लॉगिनचं पान समोर दिसतं. राउटरचा आतला पासवर्ड कारखान्याचाच असेल तर तो सेटिंग बदलून तुमची सगळी ये-जा भलतीकडे वळवू शकतो. दुसरी म्हणजे कॅमेरा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं) ताब्यात घेतले, ते फक्त कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या आजमावून. तिसरी गोष्ट आपल्या राज्यात घडलेली आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं प्रसारमाध्यमांना धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घरच्या, पासवर्ड नसलेल्या वाय-फायवरून. त्या घरात राहणाऱ्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता, पण तपास आधी त्याच्याच दाराशी पोचला. कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा आधी त्याला.

म्हणून बदलायला हवं. पण मुळात आपण सोपा पासवर्ड का ठेवतो? कारण तो तोंडी सांगायचा असतो आणि हाताने टाइप करायचा असतो. हे सांगणं आणि टाइप करणं जवळजवळ संपवून टाकलं, तर पासवर्ड कितीही लांब असला तरी कुणाला जड जात नाही. आणि तुमच्याकडे जो गोंधळ झाला तो पासवर्ड बदलल्यामुळे झाला नाही, जुना काढल्यावर मग नवा बसवायला घेतल्यामुळे झाला. क्रम जरा बदलला की कॅमेरा बंद पडत नाही आणि टीव्हीही. तो क्रम सांगते. एखाद्या रविवारी सकाळी, शेजारी कुणी हाताशी असेल तेव्हा करा.

तुमच्या मॉडेलवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढायची सोय आहे. सेटिंगमध्ये त्याला ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणतात. काही फायबर राउटरवर ते ‘एसएसआयडी २’, ‘एसएसआयडी ३’ अशा नावाने असतं (एसएसआयडी म्हणजे वाय-फायचं नाव). एकाच राउटरमधून दोन वाय-फाय निघतात, दोघांना इंटरनेट मिळतं, पण गेस्ट घरच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवलेलं असलं की त्यावरच्या माणसाला घरच्या वस्तू दिसत नाहीत. आपल्या जुन्या घरांत आल्यागेल्याला सोप्यात बसवतात, चहापाणी तिथेच होतं आणि माजघरात फक्त घरची माणसं जातात, तसं हे आहे. कट्ट्यावरची पोरं, मंडळाची पोरं, माडीवरच्या मुली, सुट्टीला आलेली भाचरं सगळी सोप्यात.

पहिलं काम म्हणजे राउटरच्या आत शिरणं. वाय-फायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत स्टिकरवर दिलेला पत्ता टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, अर्थात इंग्रजी आकड्यांत. स्टिकरवरचं नाव-पासवर्ड टाकलं की आतलं पान उघडतं. उघडलं नाही तर केबलवाल्याने तो पासवर्ड बदलून ठेवला असेल. त्याला फोन करा, ‘येऊन माझ्यासमोर बदलून द्या, मला लिहून हवा’ असं स्पष्ट सांगा. तुम्ही महिन्याचं बिल भरता, हे मागताना संकोच नको. आत गेल्यावर सगळ्यात आधी हाच आतला पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो कुणाला कधीच द्यायचा नसतो आणि वर्षातून एखाद-दोनदाच लागतो. जुना काय होता आणि नवा काय, दोन्ही वहीत लिहा. पासवर्ड वहीत लिहू नये असं सांगणारे लोक असतात. घरातल्या कपाटात ठेवलेल्या वहीला दूर बसलेल्या चोरापासून काही भय नाही. लिहून ठेवा.

मग वायरलेसच्या पानावर या. तिथे सध्याचं वाय-फायचं नाव जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या. इंग्रजी अक्षर मोठं की लहान, मध्ये जागा आहे की रेघ, सगळं. हे महत्त्वाचं आहे, पुढे कळेल का ते. आता मुख्य वाय-फायला नवं नाव आणि नवा पासवर्ड द्या. नावात तुमचं आडनाव किंवा घर नंबर नको, दुसरं काहीही चालेल. सेव्ह केलं की सगळं बंद पडेल. घाबरू नका, तुमचा फोन नव्या नावाला जोडा आणि पुन्हा आत या. आता गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्याला द्या जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड, म्हणजे तुमचा मोबाईल नंबर. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए२ निवडा.

कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर यांना राउटर ओळखता येत नाही. ती नाव आणि पासवर्ड ओळखतात. जुनं नाव हवेत परत दिसलं की दोन-चार मिनिटांत ती आपोआप जोडली जातात. एखादं आलं नाही तर त्याचं बटण बंद करून चालू करा. म्हणजे तुमचं घर नव्या जागी गेलं आणि जुन्या वस्तू तात्पुरत्या सोप्यात बसल्या. सगळं चालू आहे, कुणाची ओरड नाही, तुम्हाला घाई नाही. फक्त या काळात फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवणं किंवा प्रिंट काढणं जमणार नाही, कारण फोन एकीकडे आणि ते दुसरीकडे. त्यानंतर एकेक वस्तू सवडीने नव्या नावावर आणा. आज टीव्ही, संध्याकाळी प्रिंटर, असं दोन दिवस घेतले तरी चालेल.

कॅमेऱ्याचं जरा वेगळं. तुमचा कॅमेरा परत जोडला का गेला नाही, याचं बहुतेक वेळा असणारं कारण सांगते. घरचे कॅमेरे, स्मार्ट बल्ब, प्लग यातले बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. हा पट्टा संथ, पण भिंतीतून लांबवर जातो. तुमच्या पेठेतल्या जुन्या जाड भिंतींत तर तोच उपयोगी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीशी थकतो. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत असेल तर फोन ५ वर असतो, कॅमेऱ्याला २.४ हवा असतो आणि काही अ‍ॅपना हा घोळ सुटत नाही. वायरलेसच्या पानावर दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावं द्या, फोन २.४ च्या नावाला जोडा आणि मग कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून जोडणी करा. कॅमेऱ्यावरचं छोटं रीसेटचं बटण काही सेकंद दाबून धरल्यावर तो नव्याने जोडायला तयार होतो. मग अ‍ॅप पासवर्ड विचारतं आणि फोनच्या पडद्यावर एक चौकोनी क्यूआर कोड दाखवतं. तो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर वीतभर अंतरावर धरायचा. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि फोन हलू देऊ नका, नाहीतर तो वाचत नाही. एकदा जोडला गेला की दोन्ही पट्टे पुन्हा त्याच २.४ च्या नावाखाली आणले तरी चालतं. याच वेळी कॅमेऱ्याच्या अ‍ॅपचा पासवर्डही बदला आणि अपडेट दाखवत असेल तर करून घ्या.

कॅमेरा गेस्टवर ठेवावा की घरच्या नेटवर्कवर? पुष्कळ जाणकार गेस्टवर ठेवा म्हणतात, त्यात तथ्य आहे, कारण स्वस्त कॅमेऱ्यांचा भरवसा नसतो. पण तुमच्याकडे भाडेकरू बदलणार, गणपतीत मंडळ येणार, गेस्टचा पासवर्ड तुम्ही वरचेवर बदलणार आणि प्रत्येक वेळी कॅमेरा बंद पडणार. माझं मत, राउटरवर तिसरं नाव काढता येत असेल तर कॅमेऱ्यासाठी ते वेगळं काढा आणि पुन्हा कधी हात लावू नका. नसेल तर कॅमेरा घरच्या नेटवर्कवर घ्या.

सगळ्या वस्तू नव्या घरात आल्या की शेवटचं काम राहतं. गेस्टचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बदला. त्या क्षणी तुमचा मोबाईल नंबर वाय-फायसाठी कायमचा निकामी झाला. तुमच्या फोनमध्येही जुनं नाव ‘विसरून’ टाका.

आता नवा पासवर्ड कसा असावा. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, डॉलरचं चिन्ह असली खिचडी नको. टीव्हीच्या रिमोटने ती टाकताना प्रत्येक वेळी कीबोर्डचं पान बदलावं लागतं आणि काही स्वस्त कॅमेऱ्यांना विचित्र चिन्हं झेपतच नाहीत. वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्या लांबीचा फायदा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, सगळे लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. शब्द डोक्यातून काढू नका, डोक्यातून नेहमी देव, मुलं आणि गाव हेच येतं. घरातला शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा आणि जो शब्द येईल तो घ्या. पाच वेळा. पंचवीस-तीस अक्षरं होतील. तेच ग्राफिक्स कार्ड मग वर्षानुवर्षं बसलं तरी हाती काही लागणार नाही. तुम्ही शिक्षिका, त्या पाच शब्दांचं एक विचित्र वाक्य करून ते पाठ करणं तुम्हाला अवघड नाही. फक्त इंग्रजीत कसं लिहिलं, एक ‘ए’ की दोन, ते वहीत पक्कं करून ठेवा. घरातली भांडणं बहुतेक तिथेच होतात.

आणि हा पासवर्ड तुम्हाला फार वेळा टाइप करावाच लागणार नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये वाय-फायवर जा, जोडलेल्या नावावर टिचकी मारा, तिथे ‘शेअर’ दिसेल. तुमचं बोट किंवा पिन विचारून फोन एक क्यूआर कोड दाखवतो. दुसऱ्याने त्याच्या कॅमेऱ्याने तो टिपला की झालं, जोडला गेला. आयफोनचा कॅमेराही असा कोड २०१७ पासून वाचतो. गेस्टचा कोड छापून सोप्यात भिंतीवर लावा. भाजीवाली मावशी असो की सिलिंडरवाला, कुणी टिपला तरी घरच्या वस्तूंपर्यंत पोचत नाही. घरच्या नेटवर्कचा कोड मात्र कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. एक लक्षात असू द्या, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हा कोड दाखवताना खाली पासवर्ड सरळ अक्षरांतही येतो, म्हणून घरच्या कोडचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका.

पुतण्याच्या दोन सल्ल्यांचं. नाव लपवून काही मिळत नाही. शोधणाऱ्याला लपलेलं नाव साध्या मोफत अ‍ॅपने सापडतं, आणि त्रास तुम्हालाच, कारण प्रत्येक नव्या वस्तूला नाव हाताने टाइप करून द्यावं लागतं. वर तुमचा फोन बाहेर महाद्वार रोडवर फिरतानाही ‘ते नाव आहे का, ते नाव आहे का’ असं विचारत राहतो. ठरावीक यंत्रांनाच परवानगी देणारी यादी करायचा सल्लाही कुणी देईल. नकोच. आताचे फोन आपला ओळख-क्रमांक नेटवर्कागणिक बदलतात, म्हणजे तुमचाच फोन बाहेर राहायचा आणि जाणता माणूस तो क्रमांक नकली करून आत यायचा.

बटणाचा सल्ला मात्र पूर्ण चुकीचा नाही. त्याला डब्ल्यूपीएस म्हणतात. तुमच्यासारख्याच अडचणीवर उपाय म्हणून ते २००६-०७ च्या सुमारास आलं. राउटरचं बटण दाबायचं, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचं दाबायचं, पासवर्ड न सांगता जोडणी. हेतू चांगला होता. पण त्यातच आठ आकडी पिनची दुसरी सोयही दिली आणि तिथे घात झाला. २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो. पहिले चार आकडे बरोबर आहेत का ते आधीच सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा तर बाकीच्यांवरून हिशेबाने निघतो. म्हणजे दहा कोटी शक्यतांऐवजी १०,००० अधिक १,०००, फक्त ११,००० प्रयत्न. काही तासांचं काम. म्हणून डब्ल्यूपीएसचा पिन बंदच करा, वायरलेसच्या पानावरच त्याची खूण काढायची सोय असते. पडदा नसलेला प्रिंटर जोडायला बटण एकदा वापरायचं असेल तर वापरा, मग तेही बंद करा. फोनसाठी त्याचा उपयोग नाही. आयफोनमध्ये ते कधी नव्हतंच आणि अँड्रॉइडनेही २०१८ मध्ये काढून टाकलं.

सेटिंगमध्ये तुम्हाला डब्ल्यूपीए३ दिसेल. ते २०१८ मध्ये आलं. त्यात हवेतून टिपून घरी नेऊन अंदाज लावण्याची वाटच बंद केली आहे, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं. चांगली गोष्ट. पण नुसतं डब्ल्यूपीए३ निवडलं तर जुना टीव्ही आणि प्रिंटर बाहेर राहतील. घरच्या नेटवर्कसाठी ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा जोडपर्याय असेल तो घ्या. जोडपर्यायात जुनी वाट अर्धवट उघडी राहते, म्हणून पासवर्ड लांबच हवा. डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए असं कुठे दिसलं तर ते कधीही निवडू नका.

गल्लीचं काय, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार, पत्रात लिहिला नसलात तरी. पेठेत राहून एकदम ‘आता देणार नाही’ म्हणणं जड जातं. तसं म्हणू नका. पोरांनी विचारलं तर सांगा, नवीन कोड भिंतीवर आहे, घरी येऊन टिपून जा. कोण येतंय ते तुम्हाला दिसेल. महिन्याने गेस्टचा पासवर्ड बदलून नवा कोड लावला की जे घरात येतात तेच राहतात. गणपतीत मंडळाला तेवढे दिवस द्या आणि विसर्जनानंतर बदला. माडीवरच्या मुलींना गेस्टच द्या. त्यांच्या अभ्यासाला, ऑनलाइन तासांना ते पुरतं आणि त्यांच्या लॅपटॉपमध्ये काही व्हायरस आला तरी तो तुमच्या वस्तूंपर्यंत पोचत नाही. त्या खोली सोडून गेल्या की पासवर्ड बदला, आपण कुलपाची किल्ली परत घेतोच की.

राउटरच्या पाठीमागे टाचणीएवढं भोक असतं, तिथे ‘रीसेट’ लिहिलेलं असतं. कुणी कितीही सांगितलं तरी त्यात काडी घालू नका. तुम्ही केलेलं सगळं पुसून जातं, शिवाय केबलवाल्याने भरलेली माहितीही जाऊ शकते, आणि मग तो येईपर्यंत इंटरनेट बंद. वेग कमी झाला, अडखळलं, तर नुसतं बटण बंद करून मिनिटभराने चालू करा.

आणि वळवाचे दिवस येतात तेव्हाचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे विजांचा कडकडाट सुरू झाला की राउटर जळतात, केबलवाला नवा आणून लावतो आणि सवयीने पुन्हा तुमचा मोबाईल नंबर टाकतो. गडगडायला लागलं की राउटरचा प्लग काढून ठेवा. तरीही बदलायची वेळ आलीच, तर वही त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा, नाव हेच आणि पासवर्ड हाच टाक, अक्षराचाही फरक नको, आणि आतला कारखान्याचा पासवर्डही लगेच बदलून दे. नव्या राउटरवर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड असला की फोन, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळे तो राउटर बदललाय हे कळायच्या आत जोडले जातात. भिंतीवरचा कोडही तोच चालतो. गेस्टचं नेटवर्क मात्र त्याला वेगळं सांगून काढून घ्या, ते तो स्वतःहून करणार नाही.